पोर्त कोशेर आणि आमच्या वाड्याची दिंडी

मागच्या आठवड्यात माझी चांगलीच शोभा झाली, म्हणून हे लिहितेय. पॅरिसच्या मारे भागातला एक जुना वाडा विकायला निघालाय (फ्रेंचमध्ये 'ओतेल पार्तिक्युलिए', हॉटेलशी काही संबंध नाही, सरळ सरदाराचा वाडा) आणि त्याचं वर्णन इंग्रजीत करायचं काम माझ्याकडे आलं. 'पोर्त कोशेर' हा शब्द इंग्रजीतही आहे म्हणून मी तसाच ठेवला. झालं! अमेरिकन गिऱ्हाइकाचा प्रश्न आला, गाडीतून उतरायचं ते छप्पर फोटोत कुठे दिसत नाही? फ्रेंचमध्ये तो घोडागाडी आत चौकात जाईल एवढा दरवाजा, आणि अमेरिकेत तोच शब्द म्हणजे हॉटेलसमोरचं पोर्च. शब्द उचलायचा आणि अर्थ वाटेत सांडायचा, यात माझी काय चूक? (थोडी आहे. डिक्शनरी उघडली नव्हती.)

शेवटी स्वतःच जाऊन बघितलं. पाऊस होता, राखणदार बाईंनी काही न विचारता आत घेतलं. दरवाजाच्या दोन्ही बाजूंना पायथ्याशी गुडघ्याएवढे दगड, घासून गुळगुळीत झालेले, गाडीचं चाक भिंतीला लागू नये म्हणून. त्याचं नाव 'शास-रू', म्हणजे चाक-हाकल्या! आणि बाईंनी तो अवाढव्य दरवाजा उघडलाच नाही, त्याच्या एका फळीतलं छोटं दार उघडलं, मी वाकून आत गेले आणि तोंडातून निघालं, अगं बाई, ही तर दिंडी! शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाला आहे तीच.

इंग्रजीत दिंडीला म्हणतात 'विकेट'. हो, क्रिकेटची तीच, सुरुवातीचे स्टंप छोट्या फाटकासारखे दिसायचे म्हणून ते नाव. आणि हा शब्द इंग्रजांनी नेला जुन्या फ्रेंचमधूनच, त्याचं आजचं फ्रेंच रूप 'गिशे', म्हणजे तिकीटखिडकी. म्हणजे स्टेशनवर ज्या शब्दाखाली रांग लावते तोच मी इंग्रजीत शोधत बसले होते.

गोल खिडकीला मात्र पाच मिनिटंही लागली नाहीत. फ्रेंच म्हणतात बैलाचा डोळा, इंग्रजही तेच म्हणतात आणि आपलं गवाक्ष तरी काय, गाईचाच डोळा. उगाच छाती फुगली. मग आठवलं की आमच्या सोसायटीच्या ब्रोशरमध्ये ओसरी, माडी, सज्जा यातलं एक अक्षर नव्हतं, सगळं डेक आणि टेरेस, आणि ती सोसायटी पेठेतला आमचाच वाडा पाडून झालीये. इथे पॅरिसमध्ये असा वाडा पाडायला सहजासहजी परवानगी मिळत नाही म्हणे. पण आमचा गळत होता हो, चार भाडेकरू, एक संडास, पावसाळ्यात स्वयंपाकघरात बादल्या, बोलणं सोपं असतं.

रात्री बाबांना फोनवर विकेटचं सगळं सांगितलं. ते जरा गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे एलबीडब्ल्यू म्हणजे दिंडीत पाय घालून वाट अडवली म्हणून हाकलला."