सॅन अँटोनिओतल्या आजींचं स्वयंपाकघर

"तेंगो आसुकार," मेक्सिकन मुळाच्या एक आजी म्हणाल्या. म्हणजे, 'मला साखर आहे.' तेव्हा माझं स्पॅनिश अगदीच कच्चं होतं, पण हे वाक्य कुणी समजावून सांगावं लागलं नाही. सांगलीला माझी आत्या हेच म्हणते, याच सुरात. 'मधुमेह' हा शब्द दोघींच्याही तोंडी येत नाही. तो डॉक्टरांच्या कागदावर राहतो.

अमेरिकेत, टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत येऊन मला सहा वर्षं झाली. पुण्यात मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करत होते. इथे आल्यावर व्हिसामुळे नोकरी करता येईना, म्हणून शहराच्या वेस्ट साइड भागातल्या एका सामुदायिक दवाखान्यात स्वयंसेवक म्हणून जायला लागले. या शहरात 60 टक्क्यांहून जास्त लोक लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाचे आहेत, त्यातही बहुतेक मेक्सिकन मुळाचे. काही घराणी तर 1845 मध्ये टेक्सास अमेरिकेत सामील झालं त्याच्याही आधीपासून इथली आहेत. भारतातून अमेरिका म्हटली की डोळ्यांसमोर जे येतं, त्यात ही माणसं क्वचितच असतात. मला मात्र सगळ्यात आधी ओळखीची वाटली ती हीच. घरात आजी, शेजारी मावशी, रविवारी पंधरा माणसांचं जेवण, आणि 'नको' म्हटलं तरी ताटात पडणारा आणखी एक घास.

साखरही ओळखीचीच. अमेरिकेत कुठल्याही प्रौढ माणसाला आयुष्यात कधीतरी टाइप 2 मधुमेह होण्याची शक्यता साधारण 40 टक्के धरतात. लॅटिनो माणसाला ती 50 टक्क्यांच्या वर आहे, आणि आजार गाठतोही लवकरच्या वयात. पण 'लॅटिनो' म्हणून सगळ्यांना एका गठ्ठ्यात बांधणं चूक आहे. ब्रॉन्क्स, शिकागो, मायामी आणि सॅन दिएगो इथल्या 16 हजारांहून जास्त लॅटिनो लोकांचा एक मोठा अभ्यास झाला. त्यात दक्षिण अमेरिकी मुळाच्या लोकांत मधुमेहाचं प्रमाण 10 टक्क्यांच्या आसपास निघालं, तर मेक्सिकन मुळाच्या लोकांत 18 टक्क्यांच्या पुढे. आपल्याकडेही 'भारतीय आहार' म्हणून एकच तक्ता हातात दिला तर कोकणातल्या आणि लातूरच्या माणसाचं काय होईल, तसंच हे.

या आजी दवाखान्यातल्या रुग्ण. त्यांच्याकडे मी एकटी गेले नव्हते. बरोबर प्रोमोतोरा बाई होत्या. प्रोमोतोरा म्हणजे त्याच वस्तीत राहणारी, तीच भाषा बोलणारी आरोग्य कार्यकर्ती. आपल्या आशाताईच म्हणा. टेक्सासमध्ये त्यांना 160 तासांचं प्रशिक्षण घेऊन सरकारी प्रमाणपत्र मिळतं. या बाई पंचावन्नच्या पुढच्या, स्वतःला बारा वर्षांपासून मधुमेह. वस्तीत सगळे त्यांना 'दोन्या' म्हणतात, आपण मानाने 'बाई' म्हणतो तसं. त्याही आजींना 'दोन्या'च म्हणत होत्या. मला दोघींनी पहिल्या दिवसापासून 'मिहा' केलं. मिहा म्हणजे पोरी.

आजींनी ओट्याचा खण उघडून एक घडी घातलेला कागद काढला. दवाखान्यात मिळालेला आहारतक्ता. वाफवलेली ब्रोकोली, किनवा, भाजलेलं चिकन, दही. त्यांच्या घरात यातलं दहीसुद्धा कुणी खात नव्हतं. "यात माझं जेवण कुठे आहे?" त्यांनी विचारलं. त्यात राग नव्हता, खरंच शोधत असल्यासारखं विचारलं. मला पुण्यातले माझे तक्ते आठवले. भाकरी-पिठल्यावर वाढलेल्या माणसाला मी ओट्स लिहून दिले होते. तो माणूस परत का आला नाही, ते त्या दिवशी कळलं.

मग आम्ही त्यांचं जेवणच बघायला लागलो. आजी अजून घरी मासा मळतात. मासा म्हणजे मक्याचं ओलं पीठ. मका चुन्याच्या पाण्यात उकळायचा, रात्रभर त्यातच ठेवायचा, सकाळी चोळून सालं काढायची आणि वाटायचा. हा चुना नुसता चवीपुरता नाही. त्याने मक्यातलं नायसिन हे ब जीवनसत्त्व शरीराला मिळण्याजोगं होतं, शिवाय कॅल्शियम मिळतं ते वेगळंच. मका समुद्र ओलांडून युरोपात गेला, पण ही चुन्याची रीत बरोबर गेली नाही, आणि मक्यावरच जगणाऱ्या गरिबांत नायसिन कमी पडून होणारा पेलाग्रा हा आजार पसरला. हजारो वर्षांपूर्वी कुठल्या तरी बायकांनी हे शोधून काढलं, आणि त्यांच्या पणतीच्या पणतीला आज दवाखान्यात सांगतात, 'तोर्तिया सोडा.' याचा मला मनापासून राग येतो.

आजींनी लाडू वळतात तसा गोळा वळला, लाकडी दाबणीत दाबला आणि कोमालवर, म्हणजे तव्यावर टाकला. तोर्तिया फुगली तशी बोटाने अलगद दाबली. मी त्याच पिठाची हातावर भाकरी थापून दाखवली तेव्हा त्यांनी लेकीला हाक मारून बोलावलं, बघायला. तळहाताएवढ्या या मक्याच्या तोर्तियात साधारण 12 ग्रॅम कर्बोदकं असतात. मैद्याच्या मोठ्या तोर्तियात त्याच्या जवळजवळ तिप्पट, आणि त्यात चरबी मळलेली. टेक्सासात मैद्याच्याही खूप खपतात, त्या दुकानातून पाकीटच्या पाकीट आणता येतात. दोन-दोन पाळ्या करणाऱ्या लेकीला मका भिजत घालायला सवड कुठली?

खरा घोटाळा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होता. दोन लिटरची कोलाची बाटली, जेवताना पाण्याच्या जागी. कोलाच्या एका साध्या कॅनमध्ये 39 ग्रॅम साखर असते, म्हणजे जवळजवळ दहा चमचे. आजी स्वतः अर्धाच ग्लास घेत, पण दिवसातून चार वेळा. आम्ही तोर्तियाला हात लावला नाही. चारच्या तीन केल्या, फ्रिहोलेस, म्हणजे शिजवून घोटलेला राजमा, डुकराच्या चरबीऐवजी थोड्या तेलात परतला, आणि कोलाच्या जागी लाल अंबाडीच्या बोंडांचं पाणी आणलं. त्याला इथे 'आगुआ दे हमाइका' म्हणतात. एरवी तेही साखर ओतून करतात, ती महिनाभरात हळूहळू कमी केली. नोपालेस तर घरात होतेच. शेताच्या कुंपणाला असतो त्या फड्या निवडुंगाचाच हा भाऊबंद. काटे खरवडून काढायचे, तुकडे करायचे आणि भेंडीसारखी तार जाईपर्यंत परतायचे. त्यात तंतू भरपूर आणि पिष्ट कमी. आजी वर्षानुवर्षं तेच खात होत्या आणि तक्त्यात त्याचं नाव नव्हतं.

दुसऱ्या भेटीत आजींनी साखर कशी झाली ते सांगितलं. धाकट्या मुलाला अपघात झाल्याचा फोन आला, पाय लटपटले, आणि त्या दिवसापासून साखर. याला 'सुस्तो' म्हणतात, जबर धसका. मी लगेच सांगायला निघाले की असं नसतं, स्वादुपिंड असतं, इन्सुलिन असतं. प्रोमोतोरा बाईंनी टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी थांबले. त्यांनी विचारलं, "मग मुलगा कसा आहे आता?" आजी वीस मिनिटं बोलल्या. त्या वीस मिनिटांत कळलं की काळजीने त्यांना रात्री झोप नाही, पहाटे तीनला उठून त्या गोड पाव खातात, आणि गोळ्या महिन्यातून दहा दिवस पुरवून पुरवून घेतात, कारण मुलाला पैसे पाठवायचे असतात. यातली एकही गोष्ट केसपेपरवर नव्हती. आणि धसक्यात काहीच नाही असंही नाही. ताणाने जी संप्रेरकं वाढतात ती रक्तातली साखर वाढवतातच. आत्याही म्हणते, "तुझे काका गेले त्या टेन्शनने शुगर झाली." मी तिलाही कधी पूर्ण बोलू दिलं नव्हतं.

इन्सुलिनची भीती मात्र सोडवायला वेळ लागला. आजींच्या आईला इन्सुलिन सुरू केलं आणि वर्षभरात दृष्टी गेली. म्हणून इन्सुलिनने माणूस आंधळा होतो, असं अख्खं घर मानतं. इथल्या कितीतरी घरांत हे ऐकलं. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली, डोळ्यांचा पडदा आधीच खराब झाला होता, आणि इन्सुलिन सगळ्यात शेवटी आलं, तर आळ त्याच्यावर. हे मी आकृती काढून समजावलं, तेव्हा आजींनी मान हलवली आणि इन्सुलिन घेतलं नाही. मग प्रोमोतोरा बाईंनी ब्लाउजचं टोक वर करून पोटावर आपलं इंजेक्शन टोचून दाखवलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवरची बारीक अक्षरं वाचून दाखवली. आजी त्या आठवड्यात तयार झाल्या.

भाषेचाही फटका बसतो. शेजारच्या एका आजोबांनी औषधाची बाटली घेऊन दार वाजवलं. "इतक्या गोळ्या खरंच घ्यायच्या?" इंग्रजीत बाटलीवर रोज एकदा घ्यायला सांगितलेलं. पण 'वन्स' या शब्दाची अक्षरं स्पॅनिशमध्ये 'ओन्से' अशी वाचतात, आणि ओन्से म्हणजे अकरा. नशीब, त्यांनी विचारलं. तेव्हापासून आम्ही प्रत्येक बाटलीवर सूर्य आणि चंद्राची चित्रं चिकटवतो.

मधुमेहाची सगळ्यात काळजी करायला लावणारी खूण मला आजींवर नाही, नातवावर दिसली. चौदा वर्षांचा मुलगा, मानेवर मागे मखमलीसारखी काळी वळी. त्याची आई रोज काथ्याने ती घासायची, मळ समजून. हा मळ नसतो. इन्सुलिनला शरीर दाद देईनासं झालं की तिथली त्वचा अशी होते. टेक्सासच्या बऱ्याच भागांतल्या शाळांत यासाठी मुलांची मान तपासतात. आपल्याकडेही अशी मान दिसली की बेसन-हळद लावून घासतात आणि पोराला 'नीट आंघोळ कर' म्हणून ओरडतात. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी असं मूल असेल तर घासू नका, रक्त तपासा.

त्या मुलाच्या आईची स्वतःची रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए1सी, 6.1 टक्के निघाली. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात उंबरठ्यावरच्या लोकांनी वजन 7 टक्क्यांनी कमी करण्याचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालण्याचं ध्येय ठेवलं, तर मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं होतं. आम्ही हा आकडा तिला सांगितला, पण ती चालायला लागली ती चर्चमधल्या बायकांचा गट संध्याकाळी निघतो म्हणून. एकटीने चालायचं तिने चार वेळा ठरवून सोडलं होतं.

आपल्या माणसांबरोबर, आपल्याच जेवणातून साखर उतरते, हे मी नुसतं आमच्या अनुभवावरून म्हणते असं नाही. रिओ ग्रांदे नदीकाठच्या स्टार काउंटीत मेक्सिकन मुळाच्या 256 लोकांबरोबर असाच प्रयोग झाला. वर्ग त्यांच्या वस्तीत, स्पॅनिशमध्ये, स्वयंपाक त्यांचा, आणि प्रत्येकाने घरातलं किंवा जवळचं एक माणूस बरोबर आणायचं. सहा महिन्यांनी त्यांची सरासरी बाकीच्यांपेक्षा 1.4 ने खाली होती. तरीही ती दहाच्या वरच होती, हेही सांगायला हवं. वर्षानुवर्षांची साखर सहा महिन्यांत उतरत नाही.

आणि घराने कितीही केलं तरी काही गोष्टी घराच्या हाताबाहेर आहेत. टेक्सासमध्ये विमा नसलेल्यांचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त. ज्यांच्याकडे कागदपत्रं नाहीत आणि मूत्रपिंडं गेलीत, त्यांना राज्यात कितीतरी ठिकाणी ठरलेल्या दिवशी डायलिसिस मिळत नाही. दम लागून, पोटॅशियम चढून जीव धोक्यात आला की इमर्जन्सीत घेतात, आणि जरा बरं वाटलं की घरी. चार दिवसांनी पुन्हा तेच. अशा एका माणसाच्या बायकोशेजारी मी रात्रभर बाकावर बसले होते. तो आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरांची छपरं घालत आला होता. जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशात हे चालतं, हे भारतातल्या लोकांना कळावं, एवढंच वाटतं.

आजींची सरासरी 10.2 वरून 7.9 झाली आहे. त्यांना वाकता येत नाही, म्हणून दर रविवारी जेवणं झाली की दहा वर्षांची नात खाली बसते, आजींचे पाय मांडीवर घेते आणि मोबाइलच्या उजेडात एकेक बोट वेगळं करून बघते. साखरेने पायांच्या नसा बधिर झाल्यामुळे आजींना पायाला लागलेलं समजत नाही, हे तिला आम्ही सांगितलं होतं. गेल्या महिन्यात नव्या चपलेने करंगळीच्या आत झालेली जखम तिलाच दिसली, हरभऱ्याएवढी. सोमवारी सकाळी तिच्या आईने रजा टाकून आजींना दवाखान्यात आणलं. तीन आठवड्यांत जखम भरली. नातीने फ्रिजवरच्या कॅलेंडरवर त्या प्रत्येक रविवारी पायाचं चित्र काढलंय, करंगळीवर लाल ठिपका, दर वेळी आधीपेक्षा लहान. शेवटच्या चित्रात ठिपका नाही.