फळांचा आइस टी: कैरी पक्की, पायरी पक्की, आता वाट जांभळांची

कैरीचं प्रमाण या आठवड्यात पक्कं झालं, म्हणून आधी तेच देते. एक लिटर गार पाणी, 7 ग्रॅम निलगिरीचा ऑर्थोडॉक्स, म्हणजे पानाचा चहा, फ्रिजमध्ये 8 तास. गाळून झाल्यावर कैरीचा कच्चा पाक 120 मिलिलिटर आणि चिमूटभर सैंधव. बर्फ शेवटी, थेट पेल्यात. लिंबू अजिबात नको. पहिल्या घोटाला कैरीचा वास येतो, मग आंबटगोड चव आणि घोट गिळल्यावर चहा. हाच क्रम मला हवा होता.

एकेक फळ घेऊन बसल्यावर एक गोष्ट आता खात्रीने सांगता येते. आधी फळ ठरवायचं, चहा त्याच्या मागून. आपण उलट करतो: घरात असलेला चहा कडक उकळतो, गार करतो आणि त्यात फळ ढकलतो. चहात मुळात तुरटपणा असतो आणि आंबटपणा आला की तो तुरटपणा जिभेला आणखी टोचतो. म्हणून कैरी, कोकम, करवंद असल्या आंबट फळांना चहा हलका लागतो आणि आंब्यासारख्या गोड फळाला जास्त. बाहेर मिळणारे लिंबाचे, पीचचे आइस टी मला कधीच भावले नाहीत. आपल्याकडे उन्हाळ्यात जी फळं येतात त्यांच्यातच इतकी आंबट-तुरट रग आहे की वरून काही पिळायची गरज पडत नाही.

कैरीच्या पाकाबद्दल सविस्तर लिहिते, कारण सगळी मेख तिथे आहे. पन्ह्यासाठी आपण कैरी उकडतो किंवा भाजतो. तसा गर चहात घालून पाहिला. चव चांगली लागते, पण ते पन्हंच होतं, चहा त्यात हरवतो. मला हवा होता तो कैरी चिरताना हाताला येणारा हिरवा वास, आणि तो उकडताना निघून जातो. म्हणून कच्चा पाक. देठाकडचा भाग कापून कैऱ्या अर्धा तास पाण्यात ठेवायच्या, चीक निघून जातो. साल काढून पातळ काप करायचे, जितके पातळ तितके बरे. अर्धा किलो कापांना 350 ग्रॅम साखर लावून काचेच्या बरणीत, झाकण घट्ट, रात्रभर फ्रिजमध्ये. साखर कापांमधलं पाणी ओढून घेते. सकाळी काप सुरकुतलेले असतात आणि बुडाशी फिकट पोपटी, किंचित दाट पाक साठलेला असतो. न विरघळलेली साखर तळाला दिसते, ती लाकडी चमच्याने हलवली की तासाभरात विरघळते. गाळायला सुती पंचा घ्यायचा. पिळायचा नाही, पिळला तर गर उतरतो आणि चहा गढूळ होतो. हा पाक आठवडाभर फ्रिजमध्ये नीट राहतो. उरलेल्या कापांचा आमच्याकडे साखरांबा होतो, त्यामुळे वाया काही जात नाही.

हा पाक चहात पडताना जरूर पाहा. तपकिरी चहा डोळ्यांदेखत उजळतो, तांबूस सोनेरी होतो. चहाला रंग देणारी द्रव्यं आम्लात फिकी पडतात, लिंबू पिळल्यावर होतं तेच. चहा पातळ झाला असं वाटून आणखी पावडर वाढवू नका. रंग उतरला तरी चव तिथेच असते.

गढूळपणा हा या छंदातला सगळ्यात मोठा त्रास आहे. आसामचा कडक सीटीसी, म्हणजे बारीक दाण्याचा चहा, उकळून फ्रिजमध्ये ठेवा, तासाभरात तो मातकट दिसायला लागतो. खराब झालेला नसतो. चहातलं कॅफीन आणि पॉलिफेनॉलं (तुरटपणा देणारी द्रव्यं) गरम पाण्यात सुटी असतात, थंडीत एकमेकांना धरून बसतात आणि पाण्यात तरंगतात. चहा चाखणारे जाणकार तर हे चांगल्या आसामचं लक्षण मानतात. थोडं उकळतं पाणी ओतलं की पुन्हा निवळतं, पण मग चहा पातळ होतो. मला सापडलेले दोन चांगले उपाय असे. एक, गरम पाणी वापरायचंच नाही. गार पाण्यात रात्रभर मुरवलेल्या चहात तुरटपणा कमी उतरतो आणि तो सहसा स्वच्छ राहतो. दुसरा, निलगिरी. तिथला चहा थंड झाल्यावरही नितळ राहतो म्हणूनच आइस टीसाठी त्याला जगभर मागणी आहे. दुकानात मागताना पानाचा, म्हणजे ऑर्थोडॉक्स मागा. बारीक दाण्याचा सीटीसी हा दूध घालून उकळायच्या चहासाठी उत्तम आहे, पण गार पाण्यात तो भसकन उतरतो आणि वर आवरत नाही.

अमेरिकेच्या दक्षिणेकडे गरम चहात चिमूटभर खायचा सोडा टाकतात, त्यानेही चहा निवळतो आणि तुरटपणा दबतो. मी करून पाहिलं. रंग गडद होतो आणि जास्त पडला तर साबणासारखी चव येते. आंबट फळांबरोबर तर त्याला काही अर्थच नाही, आम्ल त्याला लगेच खाऊन टाकतं.

जाता जाता एक गोष्ट, कारण ती मला फार आवडते. आइस टीचं नाव निघालं की 1904 सालचं सेंट लुइसचं जागतिक प्रदर्शन निघतं. तिथे रिचर्ड ब्लेचिंडन नावाचे गृहस्थ आपल्याकडच्या चहाचा प्रचार करत होते, उकाड्यात गरम चहाला कोणी हात लावेना, तेव्हा त्यांनी तो बर्फावरून दिला. शोध त्यांचा नव्हे, त्याच्या कितीतरी आधी अमेरिकेतल्या पाककृतींच्या पुस्तकांत गार चहा छापून आलेला होता. पण लोकांच्या तोंडी तो बसला त्या उन्हाळ्यात, आणि पेल्यात चहा होता तो भारतातला.

आता आंबा. हापूसबरोबर मी बराच काळ झगडते आहे. हापूसच्या रसाला स्वतःचा आंबटपणा कमी, दाटपणा जास्त. चहात घातला की खाली बसतो, ढवळला की मिल्कशेकसारखा दिसतो आणि सुगंध असा की चहा असला काय, नसला काय. मग वाशीच्या एपीएमसी फळबाजारातून पायरी आणली. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल पकडायची आणि सकाळी लवकर पोचायचं. उशीर झाला की निवडायला काही उरत नाही. पेटी दोन-तीन घरांत वाटून घेतली तर परवडते. पायरी रसाळ, किंचित आंबट, वास मोकळा. आइस टीसाठी मी पायरीला हापूसच्या वर ठेवते, आणि हे रत्नागिरीकडच्या माझ्या सासरच्या माणसांसमोरही म्हणते.

पायरीची पद्धत वेगळी आहे. रस घालायचा नाही, बाठा घालायचा. आमरस काढून झाला की बाठ्याला जो गर चिकटून राहतो, तेवढाच पुरतो. दार्जिलिंगचा सेकंड फ्लश (हंगामातल्या दुसऱ्या तोडीचा चहा) 10 ग्रॅम, एक लिटर पाणी, 8 तास मुरवून गाळायचा; मग त्यात चार-पाच बाठे टाकून पुन्हा फ्रिजमध्ये तीन-चार तास. बाठ्याच्या केसांमधून गर हळूहळू सुटतो, वास सगळा चहात येतो आणि चहा बऱ्यापैकी पारदर्शक राहतो. फडक्यातून गाळून घ्या, नाहीतर केस दातांत येतात. साल मात्र वापरू नका. सालीजवळच्या चिकाने काहींच्या ओठांना पुरळ येतं. गोडीला साधा पाक लागतो तो दोन-तीन चमचे, आणि वर कैरीचा कच्चा पाक एक चमचा. या एका चमच्याने आंबा एकदम जागा होतो. दार्जिलिंगच्या या चहाला मुळातच पिकल्या द्राक्षाची छटा असते, ती पायरीच्या वासाशी सुंदर जुळते. यंदाच्या सगळ्या प्रयोगांत मला सर्वाधिक आनंद याने दिला.

करवंदांवर सध्या काम चालू आहे. येऊरच्या पाड्यांवरच्या बायका मे महिन्यात करवंदं घेऊन ठाण्यात येतात, पानाच्या द्रोणात मांडलेली असतात. परवा एका मावशींना विचारलं, "मावशी, काळी आहेत ना सगळी? सरबताला हवीत." त्यांनी द्रोण बाजूला सारला आणि टोपलीच्या तळातून पिकलेली, बोट लावलं तर फुटतील अशी ओंजळभर काढून दिली. "ही घे बाय. ती वरची लोणच्याची."

करवंदात पेक्टिन, म्हणजे पाक थिजवणारं द्रव्य, भरपूर असतं, त्याची जेली सुरेख होते. तेच आपल्याला आडवं येतं. साखर घालून उकळलेला करवंदाचा पाक फ्रिजमध्ये थिजतो आणि गार चहात त्याच्या गुठळ्या तरंगतात. त्यामुळे इथेही कच्चीच पद्धत: करवंदं धुऊन, चीक निघेपर्यंत पाण्यात ठेवून, मध्ये चीर देऊन साखरेत मुरवायची. रंग गडद किरमिजी येतो. चहा 6 ग्रॅमच्या वर नको, निलगिरीच. पाकाचं प्रमाण अजून ठरलेलं नाही. 80 मिलिलिटरला चव कमी वाटते, 120 ला घसा धरल्यासारखं होतं. मधलं कुठेतरी असणार.

कोकमाचं काम सोपं. आगळ घेऊ नका, त्यात मीठ असतं आणि ते चहाचा घास घेतं. आमसुलं कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून ते पाणी वापरायचं. चहा 5 ग्रॅम. जिरं टाळा, जिरं पडलं की लगेच सोलकढीची किंवा सरबताची आठवण येते आणि चहा बाजूला पडतो.

पाण्याबद्दल थोडं. आमच्या सोसायटीत मे महिन्यात टँकर येतो आणि त्या पाण्याच्या चहावर पातळ साय धरते. कॅल्शियम जास्त असलेल्या पाण्यात हे होतंच, चहाची पॉलिफेनॉलं आणि कॅल्शियम मिळून तो तवंग बनतो. नळाचं पाणी उकळून, गार करून वापरते तेव्हा तवंग दिसत नाही. गार पाण्यात मुरवताना जंतू मारणारी उष्णता कुठेच नसते, त्यामुळे पाणी आधी उकळलेलं किंवा शुद्ध केलेलं हवंच. आणि कृपा करून बरणी गच्चीत उन्हात ठेवून चहा करू नका. उन्हात पाणी फार तर 50-55 अंशांपर्यंत तापतं. तेवढ्यात जिवाणू मरत नाहीत, आणि तिथवर पोचेपर्यंतचे कोमट तास त्यांना वाढायला फार सोयीचे. फ्रिजमध्येच मुरवा आणि फळ घातलेला चहा दोन दिवसांत संपवा.

पुढची पाळी जांभळांची. बदलापूरची आणि पालघरकडच्या बहाडोलीची जांभळं पाऊस तोंडावर आला की जांभळी नाक्याला दिसायला लागतील. जांभूळ स्वतःच इतकं तुरट की चहा 4 ग्रॅम आणि मुरवणं 5 तासच ठेवायचं ठरवलंय, सैंधव थोडं जास्त. तुरटपणा मिठाने जात नाही, पण कडवटपणा दबतो आणि गोडी पुढे येते. सोड्याचा प्रयोग इथे चुकूनही नाही; जांभळाचा रंग आम्लात लालसर होतो आणि सोड्यात निळसर-करडा, प्यावासा वाटणार नाही असा. बिया हातानेच काढणार, मिक्सरला लावणार नाही, कारण बी फुटली की कडू रस उतरतो. तुमच्यापैकी कोणी आमसुलांऐवजी ओले रातांबे (कोकमाची ताजी फळं) साखरेत मुरवून आइस टी केला असेल तर चहा किती ग्रॅम घेतला आणि रातांब्याची बी आत ठेवली की काढली, एवढं नक्की सांगा.