आमेननंतरची झोप

मे महिना सरत आला की वेंगुर्ल्यात अंगणाला मोकळी जागा उरत नाही. कोकमाची सोले, सांडगे आणि आंबापोळीची ताटे यांच्या गर्दीत परवा दुपारी मी एका सुपात आत्याचे प्रार्थनापुस्तक उघडून ठेवले, कारण गेल्या पावसात त्याच्या शिवणीत शिरलेली कसर आणि पानांना धरलेला तो कुबट वास आणखी एक वर्ष सोसण्याची माझी तयारी नव्हती. कुंपणापलीकडून शेजारच्या काकींनी डोळ्यांवर हात धरून पाहिले आणि विचारले, "बाईनु, पोथीक पण ऊन व्हया काय?" पोथी हा शब्द मला इतका पटला की मी तो दुरुस्त केला नाही.

पुस्तक लुथरन, म्हणजे सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन लुथर याच्या पंथाचे आहे; आम्ही ख्रिस्ती, पण लुथरन नाही. आमची मंडळी, म्हणजे आमचे चर्च, अमेरिकन प्रेस्बिटेरियन या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाच्या मिशनच्या वळणाची, आणि प्रार्थना आपल्या शब्दांत, त्या वेळी सुचेल तशी करावी अशी आमच्या घरची शिस्त होती. वडिलांना जेवणाआधी पुष्कळ सुचत असे. राज्यकर्ते, आजारी, प्रवासी, विधवा, दर्यावर गेलेले आणि परीक्षेला बसलेले अशा सर्वांची वास्तपुस्त होईपर्यंत बांगड्याचे तिखले गार पडे, आणि आम्ही भावंडे एका डोळ्याने तुकडे मोजत असू. आत्या मात्र गुंटूरच्या कूगलर हॉस्पिटलात नर्स म्हणून उभा जन्म काढून आलेली. आंध्रातल्या त्या भागात हेयर नावाचे लुथरन पाद्री १८४२ साली येऊन पोहोचले होते, त्यामुळे तिथे लुथरची प्रश्नोत्तरी, म्हणजे सवाल-जबाबांतून धर्म शिकवणारी पुस्तिका, ही घरचीच गोष्ट. निवृत्त होऊन ती आमच्याकडे राहायला आली, तेव्हा तिच्या ट्रंकेत चार पांढऱ्या साड्या आणि हे काळ्या कापडी बांधणीचे इंग्रजी पुस्तक होते.

वाराप्रमाणे सकाळच्या व संध्याकाळच्या प्रार्थना, काही स्तोत्रे, आजारपणात आणि मरणाच्या दारी म्हणायच्या प्रार्थना आणि शेवटी ती प्रश्नोत्तरी, एवढाच त्याचा ऐवज. लुथरने १५२९ साली घराघरांतल्या कर्त्या माणसांसाठी लिहिलेल्या त्या प्रश्नोत्तरीत दिवस कसा सुरू करावा हे अगदी नर्सला सांगावे तसे सांगितले आहे: उठताच क्रुसाची खूण करावी, उभ्याने किंवा गुडघे टेकून विश्वासांगिकार, म्हणजे श्रद्धेची ठरलेली कबुली, आणि प्रभूची प्रार्थना म्हणावी, हवी तर एक छोटी प्रार्थना जोडावी, मग एखादे गीत गात आनंदाने कामाला लागावे. आत्या हे सारे तंतोतंत पाळी. क्रुसाची खूण वडिलांना खपत नसे, म्हणून ती पदराआड करी. गीताच्या जागी लुथर दहा आज्ञांवरचे गीत सुचवतो, पण ती ना. वा. टिळकांचे भजन म्हणे. टिळक १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी जन्मले, तेव्हा ते आपल्याकडचेच, असा तिचा हिशोब होता.

वडील एकदा न राहवून म्हणाले, "अक्का, रोज तेच ते छापील शब्द वाचून मन कसे लागते तुझे?" आत्या तेव्हा सोलांना रसाचे पुट देत होती. कोपरापर्यंत लाल झालेले हात तसेच ठेवून ती म्हणाली, "हे एकदाच वाळवून बरणीत भरू का रे? सार करून वाढते तुला." वडील उठून गेले.

मला भुरळ पडली ती मात्र संध्याकाळच्या सूचनेची. प्रार्थना झाली की ताबडतोब, प्रसन्न मनाने झोपी जावे, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. आत्या ही आज्ञा अकरावी असल्यासारखी पाळी. तिचे "आमेन" आणि तिचे घोरणे यांच्यामध्ये मी एकदा आकडे मोजून पाहिले होते, तर चाळिसाच्या पुढे जावे लागले नाही. दिवसभराचे जे काही होते ते सोपवून झाले, आता पुन्हा उशाशी कशाला घ्यायचे, असे ती म्हणे. ती गेल्यापासून रोज रात्री हेच पान मी मनातल्या मनात मराठी करून म्हणते, आणि नंतर गॅस बंद केला का हे पाहायला दोनदा उठते.

मन भरकटण्यावरही लुथरने लिहिले आहे. त्याचा न्हावी पेटर याने प्रार्थना कशी करावी असे विचारले, तेव्हा त्याने १५३५ साली एक छोटे पुस्तकच लिहून दिले. वस्तऱ्यावर आणि दाढीवर नजर न ठेवता गप्पा मारणारा न्हावी गिऱ्हाइकाचे नाक कापील, गळाही कापील, तसेच प्रार्थनेचे आहे, असा त्यातला दाखला आहे. प्रार्थना म्हणता म्हणता एखादा चांगला विचार सुचला तर पुढचे शब्द खुशाल सोडून द्यावेत आणि निमूट ऐकावे, अशी मोकळीकही त्याने दिली आहे. न्हाव्याची ही गोष्ट आत्या आम्हांला रंगवून सांगे आणि गळ्याशी आली की नेमकी माझी वेणी ओढी.

गोष्टीचा उरलेला भाग मी शाळेतून निवृत्त झाल्यावर वाचला. त्याच वर्षी, ईस्टरच्या सुमारास, नशेत असलेल्या पेटरने घरच्याच जेवणाच्या बैठकीत आपल्या जावयाला भोसकून मारले. लुथर आणि इतरांनी रदबदली केल्यामुळे त्याचा जीव वाचला, पण त्याला हद्दपार व्हावे लागले. ते पुस्तक त्याने बरोबर नेले असेल का, आणि त्या संध्याकाळनंतर तो कोणत्या पानापाशी थांबत असेल, हे मला राहून राहून वाटते. आत्याला हा भाग ठाऊक होता की नाही, हे विचारायचे राहून गेले.

ऊन फणसाच्या मागे गेल्यावर मी सोले परतली आणि पुस्तक झटकून घरात आणले. वास थोडा कमी झाला होता. त्या रात्री नेहमीची प्रार्थना म्हटली, तिच्यात पेटरचे नाव घेतले, आमेन म्हटले, आणि बराच वेळ छपराकडे पाहत जागी राहिले.