चटणीच्या भांड्यात तूम

तूम म्हणजे लेबनॉनकडची पांढरीशुभ्र लसणीची चटणी. शिश तावूकसोबत (सळईवर भाजलेले कोंबडीचे तुकडे) किंवा निखाऱ्यावर भाजलेल्या कोंबडीसोबत खातात. दिसते मेयोनीजसारखी, पण अंडं नसतं. लसूण, मीठ, लिंबू, तेल एवढंच. कृती सांगणारे बिनधास्त म्हणतात, मिक्सर चालू ठेवून तेलाची धार सोडा. आपल्या चटणीच्या भांड्याच्या झाकणाला भोकच नसतं, आणि मोठ्या भांड्यात एवढीशी लसूण पात्याखालीच बसून राहते. मला शेवटी जमलं ते असं.

सोललेल्या पाकळ्या ४० ग्रॅम, बारीक मीठ अर्धा चहाचा चमचा, लिंबाचा रस असेच ४ चमचे, बर्फाचं पाणी तेवढंच, रिफाइंड सूर्यफूल तेल २०० मिली. घाण्याचं शेंगदाणा तेल नको, त्याचाच वास पुढे येतो. एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल पात्याखाली कडू होतं. तेल आणि भांडं तासभर फ्रिजमध्ये ठेवायचं. मुंबईच्या मे महिन्यात तर हे चुकवूच नये, कारण मोटरही भांडं तापवते.

पाकळी उभी चिरून पोटातला हिरवा कोंब काढून टाकायचा, नाहीतर कडवट लागतं. आधी फक्त लसूण आणि मीठ वाटायचं, कडा खरवडत चार-पाच वेळा. कण राहिला तर तो शेवटपर्यंत राहतो. मग एक चमचा रस. आता झाकण काढा, चहाचा एक चमचा तेल, तीन-चार सेकंद पल्स, पुन्हा झाकण काढा. कंटाळवाणं आहे, पण पहिल्या सात-आठ चमच्यांतच सगळं ठरतं. तेलाचे थेंब धरून ठेवायचं काम इथे एकट्या लसणीच्या गराचं, आणि त्याला बलकाएवढा दम नाही. वाटण पांढरं होऊन कडांना चिकटलं की मोठ्या चमच्याने तेल घाला. दर तीन-चार चमच्यांमागे एकदा रस, एकदा पाणी. पातं नुसतंच फिरतंय, वाटण जागचं हलत नाही, म्हणजे पाणी हवंय.

फाटलं की आधी कानाला कळतं: जड घरघर जाऊन पाणी ढवळल्यासारखा आवाज येतो, मग कडेला तेल चमकतं. आणखी फिरवून काही होत नाही. ते काढून गार करा, भांडं पुसा, दोन नव्या पाकळ्या चिमूटभर मिठात वाटा, चमचाभर रस घाला आणि फाटलेलं वाटण तेलासारखंच चमच्याचमच्याने परत घाला. अंड्याच्या पांढऱ्यानेही सावरतं, पण मग ते कच्च्या अंड्याचं झालं, दोन दिवसांत संपवा.

तूमसारख्या लसणीच्या चटण्या इतरत्रही आहेत. स्पेनमधल्या कॅटलोनियाचं अल्योली खलबत्त्यात, नुसत्या लसूण-मीठ-तेलावर करतात, मनगटाची परीक्षाच. फ्रान्समधल्या प्रोव्हान्सच्या आयोलीत बलक असतो म्हणून ते सोपं, सोबत उकडलेला कॉड मासा, बटाटे, गाजरं, अंडी. ग्रीसच्या स्कोर्दाल्याला उकडलेला बटाटा किंवा भिजवलेला पाव लागतो. बटाट्याचं असेल तर मिक्सर नकोच, खळीसारखं ताणतं, हाताने कुस्करा. तिकडे २५ मार्चच्या सणाला तळलेल्या कॉडबरोबर खातात, इथे तळलेल्या सुरमईबरोबर मला जास्त आवडतं.

ताजी तूम जीभ भाजते, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली की निवते. बाहेर ठेवू नये: तेलातली कच्ची लसूण उबेला राहिली तर बोट्युलिझमचा, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या विषबाधेचा धोका असतो, आणि तो वासाने कळत नाही. मी आठवड्यात संपवते. उरलीच तर कोंबडीच्या मॅरिनेशनमध्ये.