मारुती आठशेचा लोअर आर्म: डावी बाजू सुटली एकदाची

मंडळी, सुटला! डावीकडचा लोअर आर्म (पुढच्या चाकाला खालून गाडीशी जोडणारा हात) खाली आला. मागच्या अपडेटनंतर "गॅरेजला दे की बाबा" म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

बाकीचं सगळं गुमान सुटलं. टाय रॉड एंडचा (स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाचा) स्प्लिट पिन काढला, नट शेवटच्या आट्यांवर ठेवला आणि नकलच्या (ज्यावर चाक बसतं त्या लोखंडी भागाच्या) डोळ्यावर दोन्ही बाजूंनी एकदम दोन हातोडे हाणले. टक्क! असे सांधे ओढून काढायचा पुलर पेटीतून बाहेरसुद्धा काढला नाही.

अडलं ते आर्म आणि नकल जोडणाऱ्या बॉल जॉइंटच्या बोल्टवर. आठशेत बॉल जॉइंटचा दांडा टेपरवर (निमुळत्या भोकात) नाही, नकलच्या चिरलेल्या क्लॅम्पमध्ये बसतो आणि दांड्याच्या खाचेतून बोल्ट आडवा जातो. म्हणजे सैल करून भागत नाही, अख्खा बाहेर काढावा लागतो. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत इतके पावसाळे काढलेला बोल्ट तो! रात्री रस्ट स्प्रे मारायचा, सकाळी बघायचं, ढिम्म. डोक्याच्या कडा गोल व्हायला लागल्या तशी बारा कोनी गोटी (सॉकेट) बाजूला ठेवली. अशा कामाला सहा कोनीच हवी. माझी टपारियाची आहे, नाशिकचा माल, अजून तक्रार नाही.

शेवटी गॅसची टॉर्च. स्प्रे आधी पुसून काढला (तो पेट घेतो), ब्रेकचा होज आणि ड्राइव्ह शाफ्टचं रबरी बूट पत्र्याआड झाकलं. आर्म नवाच घालायचाय, त्यामुळे जुन्या बॉल जॉइंटचं रबर जळालं तरी फिकीर नाही. नकल तापवला, मग बोल्ट आधी किंचित आवळला. आवळताना 'कट्' झालं की समजायचं गंज तुटला. मग पाव आटा मागे, अर्धा पुढे, असं करत लाल भुकटी सांडत बाहेर आला.

आता आर्म खाली पडेल म्हणून सरसावलो, तर दांडा हलेना! बोल्टच्या नावाने बोटं मोडत होतो, पण खरी गोम स्टॅबिलायझर बारमध्ये (डाव्या-उजव्या आर्मना जोडणाऱ्या आडव्या सळईत) निघाली. या गाडीत बारचं टोक थेट लोअर आर्ममधून जातं. एकच चाक अधांतरी असलं की बारला पीळ बसतो आणि तो आर्मला ताण देत राहतो. मग उजवी बाजूही उचलली, दोन्हीकडे जॅक स्टँड. पीळ गेला, क्लॅम्पच्या फटीत छन्नी हलकेच टेकवली आणि दांडा हाताने खाली आला. नकल बाहेर ओढू मात्र नका, ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट निसटला तर गिअर ऑइल फरशीवर.

गाडी साडेसहाशे किलोचीच असली, तरी नुसत्या जॅकवर ठेवून कुणी खाली शिरू नये. गाडीबरोबर येणारा जॅक पंक्चरपुरता. मी स्टँड तर लावतोच, वर काढलेलं चाकही चेसिसखाली सरकवून ठेवतो. आणि स्ट्रटच्या (स्प्रिंग-शॉकअपच्या जोडीच्या) माथ्याचा मधला नट: गाडीवर असताना त्याला पाना लावायचाच नाही, खाली स्प्रिंग दाबलेली असते.

नव्या आर्मबद्दल: बाजारातला स्वस्त आर्म हातात घेऊन बघितला, बुश (आर्मच्या टोकातलं रबरी अस्तर) बोटाने फिरत होतं. परत केला. मारुतीचा जेन्युइनच घेतला, महाग पडला तर पडला. बुशचा बोल्ट आत्ता नुसता टेकवून ठेवलाय. गाडी चाकांवर उतरून वजन आलं की आवळायचा, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

खरं तर या रविवारी व्हील अलाइनमेंटला जायचं ठरलं होतं. पण दोन्ही बाजू उचललेल्याच आहेत, तर उजवा आर्मही आत्ताच करतो. आणि हे लिहिता लिहिता सुचलं, बार मोकळा झालाच आहे तर त्याची पुढची रबरं का सोडायची? उद्या दुकानात फोन करतो. अलाइनमेंट पुढच्या रविवारी. उजवीकडच्या बोल्टवर पहिला स्प्रे मारून झालाय.