खुर्चीत बसलेला खेळाडू

सोमवार, 20 जानेवारी 2025

काल स्नूकरच्या मास्टर्स स्पर्धेची फायनल झाली. लंडनमध्ये संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेबारा झालेले असतात, त्यामुळे शेवटचं सत्र संपेपर्यंत जागीच होते. शॉन मर्फीने कायरन विल्सनला 10-7 फ्रेमने (फ्रेम म्हणजे एक डाव) हरवलं. 2015 नंतर दहा वर्षांनी ट्रॉफी पुन्हा त्याच्या हातात आली.

मला स्नूकरमधली ही स्पर्धा सगळ्यांत जवळची. 1975 पासून चालू आहे. जागतिक क्रमवारीतल्या पहिल्या सोळा जणांनाच बोलावणं जातं आणि क्रमवारीचा एकही गुण मिळत नाही. मिळतो तो मान, आणि अर्थात पैसा. पहिल्याच फेरीत तोलामोलाचा माणूस समोर असतो. सोपा सामना नावाचा प्रकारच नाही.

पण मी काल रात्रभर बघत होते ते खुर्चीत बसलेल्या माणसाकडे. टेनिसमध्ये समोरच्याने कितीही जोरात मारलं तरी तुमच्या हातात रॅकेट असते, धावता येतं. स्नूकरमध्ये दुसरा टेबलापाशी असेपर्यंत नुसतं बसून राहायचं. शनिवारी उपांत्य सामन्यात मर्फीने 147 गुणांचा ब्रेक केला, एका पाळीतला सर्वोच्च मानला जाणारा. म्हणजे पंधरा रेड, प्रत्येक रेडनंतर ब्लॅक, मग सहा रंगीत बॉल: सलग छत्तीस पॉट, छत्तीस वेळा बॉल पॉकेटमध्ये. तेवढा वेळ मार्क अ‍ॅलन खुर्चीत. याच अ‍ॅलनने गेल्या वर्षी इथेच मार्क सेल्बीला 147 करून असंच बसवून ठेवलं होतं, आणि तरी सेल्बीने तो सामना शेवटच्या फ्रेमपर्यंत नेला; अ‍ॅलनने तो 6-5 जिंकला! त्या खुर्चीत बसून सेल्बीने स्वतःला काय सांगितलं असेल, हे मला खरंच जाणून घ्यायचंय.

ट्रॉफीला पॉल हंटरचं नाव दिलेलं आहे, ते अगदी योग्य. खुर्चीतून उठून जिंकावं कसं, ते हंटरकडून शिकावं. 2001 च्या फायनलमध्ये फर्गल ओब्रायनविरुद्ध तो 2-6 ने मागे होता. मग सहा फ्रेममध्ये चार शतकं (शंभर किंवा जास्त गुणांचे ब्रेक) ठोकली आणि 10-9 ने जिंकला. पुढच्या वर्षी मार्क विल्यम्सविरुद्ध 0-5. पुन्हा 10-9. 2004 मध्ये समोर साक्षात रॉनी ओसुलिव्हन, 2-7 ने मागे, आणि तरीही 10-9. तीन विजेतेपदं, तिन्ही शेवटच्या फ्रेममध्ये. एकदा झालं असतं तर नशीब म्हटलं असतं. ऑक्टोबर 2006 मध्ये कर्करोगाने तो गेला, अठ्ठाविसावा वाढदिवस पाच दिवसांवर आला होता. हे लिहितानाही घशाशी काहीतरी येतं.

डिंग जुनहुईचंही आठवलं. 2007 मध्ये, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, पहिल्याच सामन्यात 147 करणारा हा मुलगा फायनलमध्ये रॉनीकडून 10-3 ने हरला. तेव्हा ही स्पर्धा लंडनच्या वेम्बलीत व्हायची; तिथल्या प्रेक्षकांपैकी काहींनी त्याला फार त्रास दिला होता, डोळ्यांत पाणी आलं होतं त्याच्या. रॉनीने खांद्यावर हात टाकून त्याला धीर दिला. ते बघून रॉनीबद्दल मला जे प्रेम वाटलं, ते त्याच्या आठ विजेतेपदांमुळेही वाटलेलं नाही. डिंगने 2011 मध्ये हीच स्पर्धा जिंकली.

आपल्याकडे हा खेळ जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये जन्मला, 1875 मध्ये. मुंबईच्या आदित्य मेहताने 2013 मध्ये दिल्लीतल्या इंडियन ओपनची फायनल गाठली होती, तेव्हा मी किती हरखून गेले होते! तिथे समोर डिंगच होता, 5-0 ने जिंकला. पहिल्या सोळांत मात्र आजवर एकही भारतीय पोहोचलेला नाही. मला आपला कुणीतरी मास्टर्समध्ये बघायचाय. पाच फ्रेमने मागे असला तरी चालेल.