फेडरला हात न लावता

जॅझच्या चौघांचा आवाज सांभाळायचा म्हणजे निम्मी झटापट डबल बेसशी, त्या भल्यामोठ्या उभ्या तंतुवाद्याशी. त्याची सर्वांत खर्जातली तार साधारण ४१ हर्ट्झला वाजते आणि समोरच्या स्पीकरचा आवाज लागला की त्याची पोकळ पेटी आपणहून घुमायला लागते. ब्रिजखालच्या (तारा टेकतात त्या घोडीखालच्या) पिएझो पिकअपला, म्हणजे कंपन टिपणाऱ्या चकतीला, निदान १ मेगओहम रोधाचा इनपुट हवा. साध्या पॅसिव्ह डीआयला (वाद्य मिक्सरला जोडणाऱ्या, वीज न लागणाऱ्या डबीला) जोडलात तर खर्ज गळून जातो आणि उरतो नुसता ताणलेल्या रबराचा टणत्कार. त्या दिवशी अ‍ॅक्टिव्ह डीआय लावला, ३५ हर्ट्झखालचं कापलं, ११० च्या आसपास घुमत होतं ते ३ डेसिबलनं उतरवलं. पियानोचं झाकण आखूड काठीवर, आत हातोड्यांच्या वीतभर वर दोन कंडेन्सर माइक. ड्रमसेटला एक किकचा (पायानं वाजणाऱ्या ड्रमचा) माइक आणि एक ओव्हरहेड (डोक्यावरचा), बस. आम्हा साउंडवाल्यांतले बरेच जण प्रत्येक ड्रमला माइक लावतात. मग राइड झांज प्रत्येक माइकमध्ये थोडी मागेपुढे पोचते आणि तिची धार जाते. चॅनल भरल्याचं समाधान मात्र मिळतं!

साउंड चेकला आयोजकांनी नेहमीसारखी पंधरा-वीस मिनिटं दिली. त्यातच ड्रमर आणि बेसवाल्यानं मॉनिटर (वादकांकडे तोंड केलेले स्पीकर) बंद करायला सांगितले आणि दोघं हातभर अंतरावर सरकले.

तिसरी रचना ३२ बारांची (बार म्हणजे इथे चार मात्रांचा गट), एएबीए: ए चाल दोनदा, मग वेगळी बी, मग पुन्हा ए. सॅक्सोफोन थांबला, बेसचा सोलो सुरू होणार. अशा वेळी बेसचा फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) वर न्यायचा, हे आमचं ठरलेलं काम. पण ड्रमरनं काठ्या ठेवून ब्रश घेतले होते. पियानोवाल्यानं डावा हात उचलला, कारण तो बेसच्याच पट्टीत शिरतो. उजव्यानं तो फक्त श्वासाच्या जागी एखादा कॉर्ड टाकत होता. बेस आपसूक पुढे आला. बी भागात त्यानं एक वाक्य बारच्या रेषेपलीकडे लांबवलं, तरी हायहॅट (पायानं वाजणारी झांजांची जोडी) मात्रा २ आणि ४ वर ठाम. चौघंही बरोबर समेवर. पुढे चार-चार बारांची देवाणघेवाण सुरू झाली, तेव्हा ड्रमरनं तेच लांबवलेलं वाक्य टॉम ड्रमवर परत वाजवलं. बेसवाला हसला.

मधेच एक गृहस्थ ‘जरा मोठं करा’ म्हणून येऊन गेले. असे प्रत्येक कार्यक्रमात असतात. मोठं केलं की ब्रश आणि काठी यांतला फरकच संपतो.

मिक्सरमागे उभं राहून काम संपू नये असं वाटण्याची सवय गेली होती. त्या रात्री वाटलं. मॉनिटर चालू असते, तर बेस सगळ्यांना आयताच ऐकू आला असता. मग ड्रमरनं आपला आवाज उतरवला असता का? मला नाही वाटत. पण मोठ्या मंचावर ड्रम आणि बेस यांत सहा मीटर अंतर पडलं, तर आवाज पोचायलाच १७-१८ मिलिसेकंद जातात. तिथे मॉनिटरवाचून भागत नाही. म्हणून आता मी माइक लावण्याआधी वादकांच्या खुर्च्या जवळ सरकवतो. मंच सजवणाऱ्यांना सगळं ऐसपैस दिसायला हवं असतं, त्यामुळे रोज वाद होतो.